कार-टी उपचारासाठी पेशींची तयारी: नाशिकच्या रुग्णकुटुंबांनी काय करावे

कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून कर्करोग ओळखतील अशा बदलून परत दिल्या जातात. तो प्रत्येक कर्करोगावर चालत नाही. बी-पेशींचा (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग किंवा लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग उलटला, अथवा केमोथेरपीला दाद देत नसला, तर प्रामुख्याने त्याचा विचार होतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाल्यापासून यासाठी परदेशी जाण्याची गरज उरलेली नाही.

पेशी काढण्याची तारीख ठरली की नाशिकमधील सर्व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र करून उपचार करणाऱ्या पथकाला दाखवाव्यात. स्टेरॉइडमुळे टी-पेशींची संख्या आणि जोम घटतो, म्हणून ते किती दिवस आधी थांबवायचे हे पथकच ठरवते. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, आणि दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कोणी स्टेरॉइड दिले असल्यास तेही आवर्जून सांगावे.

पेशी काढताना रक्त शिरेतून यंत्रात जाते, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त शरीरात परतते. यास काही तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरते आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तसे होताच परिचारिकेला सांगावे, सोसत बसू नये.

पुढे प्रयोगशाळेत टी-पेशींना उत्तेजित करून, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात सीडी१९ (बी-पेशींच्या पृष्ठभागावरील खूण) ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक घातले जाते आणि पोषकद्रवात त्या वाढवल्या जातात. नंतरच्या तपासण्यांचा काळ नातेवाइकांना फार जड जातो, पण तेथे घाईचा आग्रह धरू नये. जिवंत पेशी उकळून वा गाळून निर्जंतुक करता येत नाहीत, त्यामुळे जंतू, एंडोटॉक्सिन (जंतूंपासून येणारे विष) आणि जिवंत पेशींचे प्रमाण तपासल्यावाचून पिशवी बाहेर पाठवता येत नाही.

पेशी देण्यापूर्वी काही दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे देऊन नव्या पेशींना शरीरात जागा करून दिली जाते. पिशवीवरील नाव आणि क्रमांक रुग्णाच्या ओळखीशी जुळवले जातात, तेव्हा नातेवाइकानेही लक्ष द्यावे, कारण या पेशी दुसऱ्या कोणाच्याही नसतात.

त्यानंतरचे काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावे. रात्री ताप चढल्यावर नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई गाठणे धोक्याचे ठरते. मेंदूवर परिणाम होत आहे का हे कळावे म्हणून रोज रुग्णाकडून एक वाक्य लिहून घ्यावे आणि अक्षर बिघडले, शब्द सापडेनासे झाले किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर घरी औषध न देता तत्काळ पथकाला कळवावे.