लग्नातील परतीची भेट : या चुका टाळा

लग्नघरातून पाहुण्याने रिकाम्या हाताने परत जाऊ नये, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे; निघताना त्याच्या हाती दिली जाणारी वस्तू म्हणजेच परतीची भेट. ओटीतील खण-नारळ, जेवणानंतरचा विडा, अत्तर आणि गुलाबपाणी, घरी राहिलेल्या माणसांसाठी बांधून दिलेले लाडू, या सगळ्यांतून यजमान आलेल्या माणसाच्या येण्याची नोंद घेत असत आणि कार्याचा आनंद त्याच्या घरापर्यंत पोहोचवत असत. इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरापर्यंतच्या मराठी घरांत ही रीत टिकून आहे. मात्र वाड्यातल्या किंवा मंगल कार्यालयातल्या लग्नाची जागा मोठ्या मॅरेज गार्डनमधील स्वागतसमारंभाने घेतल्यापासून ती पार पाडणे अवघड झाले आहे. यजमान पूर्वीपेक्षा जास्त खर्च करतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी कोणाला तरी काही मिळाले नसल्याचे कळते, कोणी तरी दुखावलेले असते आणि गार्डनमधील खुर्च्यांवर विसरलेल्या पिशव्या सापडतात. असे घडते तेव्हा वस्तूची निवड चुकलेली असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती कोणाला, कोणाच्या हातून आणि केव्हा द्यायची, याचा विचार राहून गेलेला असतो.

मानपान आणि परतीची भेट एकत्र करणे

विहीणबाई, व्याही, मामा, आत्या, करवल्या, वराचा कान पिळणारा वधूचा भाऊ यांना जे दिले जाते तो मान असतो. तो नात्यावर ठरतो आणि त्यात साडी, शालू, पोशाख, पाकीट असा फरक असतो. इतर निमंत्रितांना दिली जाणारी भेट सर्वांना सारखीच असावी लागते. या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच वेळी, सर्वांसमोर दिल्या गेल्या की शेजारी उभी असलेली दूरची काकू आपल्या हातातील पुड्याची तुलना विहिणीच्या साडीशी करते आणि तिने तशी तुलना करू नये अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. मानपान आदल्या संध्याकाळच्या सीमांतपूजनाच्या वेळी, घरच्या माणसांतच उरकावा, पिशव्यांवर नावे लिहून त्या एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवाव्यात आणि लग्नाच्या दिवशी केवळ सर्वांसाठीची भेट बाहेर काढावी. दोन्ही घरांच्या रीती वेगळ्या असतील, आणि इंदुरात माळवी, मारवाडी किंवा गुजराती घराशी सोयरीक झाली की त्या असतातच, तर मामेरा (मामाकडचा आहेर), पहिरावणी (सोयऱ्यांना दिली जाणारी वस्त्रे) आणि आपला मानपान यांपैकी काय, कोणाकडून आणि कधी होणार, हे याद्या करतानाच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

ओटी आणि भेट देताना बायकांना निवडणे

सर्वांत जास्त दुखावणारी चूक ही आहे आणि ती बहुधा हेतुपुरस्सर केली जात नाही, म्हणूनच तिच्याविषयी आधी बोलून ठेवणे आवश्यक आहे. दाराशी कुंकवाचा करंडा घेऊन उभी असलेली मावशी सवयीने सवाष्णींना पुढे बोलावते, त्यांची ओटी भरते, आणि जिचा नवरा गेला आहे ती मुलीची सख्खी काकू, किंवा घटस्फोट घेतलेली मैत्रीण, किंवा लग्न न केलेली पस्तिशीची मामेबहीण कडेला उभी राहते किंवा काहीही न बोलता निघून जाते. एका मिनिटात घडलेली ही गोष्ट तिच्या मनात पुढची अनेक वर्षे राहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांनी तसे ठराव केले. इंदूरकरांना तर यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरजच नाही. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेल्यानंतर ज्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात होळकरांचा कारभार समर्थपणे सांभाळला, त्यांना हे शहर देवी म्हणून पूजते, विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. त्याच शहरातील लग्नात वैधव्यामुळे एखाद्या बाईचा हात रिकामा राहावा, हे मला कोणत्याही रीतीच्या नावाखाली मान्य होत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो लग्नाच्या आधी करावा लागतो. वाटप करणाऱ्या प्रत्येक बाईला स्पष्ट सांगावे की कोणालाही काहीही विचारायचे नाही, हळदीकुंकू आणि फूल सर्वांसमोर सारखेच पुढे करायचे, कुंकू लावून घ्यायचे की नाही हे समोरच्या बाईने ठरवायचे आणि ओटी मात्र प्रत्येकीची भरायची. जुन्या वळणाची एखादी आजी स्वतःच हात मागे घेते, तेव्हा तिला सर्वांदेखत आग्रह करून संकोचात टाकू नये. तेच तांदूळ, तोच नारळ आणि तेच वस्त्र तिच्या हातात द्यावे आणि वधूवरांनी तिला वाकून नमस्कार करावा. घरातल्या आजीच्याच हाताने नवरीची पहिली ओटी भरवली, तर पुढे कोणाच्याही मनात शंका उरत नाही.

पुरुषांच्या बाबतीतही एक छोटी गफलत होते. टॉवेल-टोपी किंवा उपरण्याची रीत मागे पडली आणि त्याच्या जागी काही आले नाही, त्यामुळे एकटा आलेला विधुर काका किंवा वसतिगृहात राहणारा मुलाचा मित्र, पिशवी 'बायकांसाठी' आहे म्हणून तसाच परततो. भेट घरटी एक ठेवली की हा प्रश्न उद्भवत नाही.

आहेराच्या रकमेवरून भेट ठरवणे

आहेराची वही ठेवण्याचा उद्देश असा असतो की ज्यांनी आपल्या कार्यात जे दिले, त्याची योग्य परतफेड त्यांच्या घरच्या कार्यात करता यावी. ती परतफेड वर्षांनी होते आणि तिची जागा तीच आहे. पाकीट जाड वाटले म्हणून चांदीचे नाणे आणि पातळ वाटले म्हणून स्टीलची वाटी, असा भेद त्याच दिवशी करू नये. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापले असेल तर परतीची भेटही बेताचीच ठेवावी, कारण महागडी भेट पाहून रिकाम्या हाताने आलेला सज्जन पाहुणा नाहक अवघडतो.

अर्थ न सांगता वस्तू हातात ठेवणे

युरोपातील, विशेषतः इटलीतील लग्नांत पाहुण्यांना साखरेचे कवच असलेले पाच बदाम देतात आणि ते आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य यांचे द्योतक मानले जातात. हल्ली आपल्याकडेही जाळीच्या कापडात बांधलेले तसे बदाम दिसू लागले आहेत, परंतु त्यांचा अर्थ देणाऱ्यालाही ठाऊक नसल्याने घेणारा ते गाडीतच खाऊन संपवतो. आपल्या ओटीतही तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम आणि नारळ असतात. धान्य अन्नाच्या समृद्धीसाठी, हळद मांगल्यासाठी, नारळ पूर्णत्वासाठी. इंदूरच्या लग्नात निम्मे पाहुणे हिंदी भाषक असतात आणि त्यांच्यापैकी अनेकींना ओटी म्हणजे त्यांच्याकडची गोदभराई वाटते, जी सगाईच्या किंवा गरोदरपणाच्या वेळी होते. शेजारच्या भाभींची ओटी भरताना त्या गोंधळतात किंवा लाजतात, तेव्हा घरातील एखाद्या सुनेने एका वाक्यात समजावून सांगितले की त्या आनंदाने पदर पुढे करतात. पिशवीत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतील दोन ओळींची चिठ्ठी ठेवणे हा त्याहूनही सोपा मार्ग आहे, आणि त्याला फारसा खर्च येत नाही.

वस्तूच्या निवडीतील चुका

पिशवीवर किंवा डब्यावर गणपती, विठ्ठल किंवा कुलदैवताचे चित्र छापणे टाळावे. मिठाई संपल्यावर तो डबा कचऱ्यात टाकायचा असतो, आणि ओला व सुका कचरा काटेकोरपणे वेगळा करणाऱ्या आपल्या शहरात गृहिणीला देवाचे चित्र सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना अपराधी वाटते. ती ते कापून ठेवते आणि घरात अशा तुकड्यांचा ढीग साचतो. स्वस्तिक, वेलबुट्टी किंवा महेश्वरी काठाची नक्षी छापली तरी मंगलपणा उणा होत नाही.

वधूवरांचे छायाचित्र मोठे छापलेला कप किंवा भिंतीवरचे घड्याळ कोणी वापरत नाही. याउलट वाटीच्या किंवा तांब्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत नावे आणि तारीख घालून दिलेली भांडी पन्नास वर्षांनंतरही मराठी स्वयंपाकघरांत सापडतात आणि कोणाच्या मुंजीत किंवा लग्नात ती मिळाली, हे आजी नातवंडांना सांगते. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून भांडी घेताना नावे घालण्याचे काम लग्नाच्या किमान तीन आठवडे आधी द्यावे आणि एक नमुना डोळ्यांनी तपासल्याशिवाय उरलेल्यांवर यंत्र फिरवू देऊ नये, कारण आडनावातील एक चुकलेली वेलांटी प्रत्येक भांड्यावर उमटते.

ब्लाउजपीसविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. चमकदार, कडक, कृत्रिम धाग्याचा तुकडा शिवण्यासाठी दिलेला नसतोच, हे देणारी आणि घेणारी दोघीही जाणून असतात, आणि तो एका घरातून दुसऱ्या घरात तसाच फिरत राहतो. ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा आजच्या लांब बाह्यांच्या ब्लाउजला बऱ्याचदा पुरतही नाही. द्यायचाच असेल तर एक मीटर चांगले सुती कापड द्यावे. इंदूरहून सुमारे नव्वद किलोमीटरवर महेश्वर आहे, जिथे अहिल्याबाईंनी विणकरांना आश्रय दिला आणि जिथे आजही हातमागावर उभा धागा रेशमाचा व आडवा सुताचा घालून महेश्वरी वस्त्र विणले जाते. साडी देणे परवडत नसेल तरी तिथले ओढणीचे कापड किंवा स्टोल जवळच्या नातलगांसाठी जरूर पाहावेत. मात्र यंत्रमागावरची छापील नक्कल महेश्वरी म्हणून देऊ नये. तेवढ्या पैशांत साधा सुती रुमाल द्यावा आणि तो सुती रुमाल आहे असेच सांगावे.

चांदीचे नाणे सराफ्यातून घेताना शुद्धतेचा आकडा आणि वजन पावतीवर लिहून घ्यावे. नाण्यासाठी ९९९ शुद्धता अपेक्षित असते. तेवढा खर्च झेपत नसेल तर चांदीचा मुलामा दिलेली वस्तू 'चांदीची' म्हणून देण्यापेक्षा पितळेची छोटी समई किंवा निरांजन द्यावे.

गोड पदार्थांची घाई

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि तरीही सकाळी भरलेले माव्याचे पेढे रात्रीच्या स्वागतसमारंभापर्यंत उघड्या मांडवात ठेवलेले असतात. माव्याची, खव्याची आणि दुधाची मिठाई उन्हाळ्यातील लग्नात परतीची भेट म्हणून अजिबात निवडू नये. बुंदीचे किंवा बेसनाचे लाडू, शंकरपाळे, पोह्यांचा चिवडा आणि आपली इंदुरी शेव यांपैकी काहीही चालते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवरही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे दुकानदाराने दाखवणे बंधनकारक आहे. तीच तारीख आपल्या पाकिटावरही लिहावी, विशेषतः लांब जाणाऱ्यांसाठी. शहरात जैन कुटुंबे मोठ्या संख्येने असल्यामुळे चिवड्यात कांदा-लसूण आणि बटाट्याचा कीस घालू नये, म्हणजे दोन प्रकारची पाकिटे करावी लागत नाहीत.

मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचे पातळ प्लास्टिक १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे आणि १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवरही बंदी आहे. पाकीट बांधणारा जुना साठा पुढे करतो, तेव्हा त्याला तेथेच नकार द्यावा. कागदी डबा आणि कापडी पिशवी पुरेशी असते. त्या पिशवीतून पाहुणे नंतर भाजीही आणतात.

मोजणी आणि वाटप

हजार माणसे येणार म्हणून हजार पाकिटे तयार करणे जितके चूक, तितकेच पत्रिका मोजून नेमकी तेवढीच पाकिटे करणेही चूक. पत्रिका 'सहकुटुंब सहपरिवार' जाते, परंतु एका पत्रिकेवर दोन विवाहित भाऊ वेगवेगळ्या घरांतून येतात. म्हणून यादीसमोर घरांची संख्या लिहावी, तिच्यावर दहा-पंधरा टक्के जास्त धरावे, आणि गुरुजी, सनईवाले, आचारी, वाढपी, मांडववाले, गाड्यांचे चालक, घरी कामाला येणाऱ्या बाई यांची पाकिटे पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवावीत. ज्यांच्या श्रमांवर लग्न उभे राहिले त्यांना उरलेसुरले मिळू नये, तर पाहुण्यांना मिळाले तेच मिळावे.

व्यासपीठावर शुभेच्छा देतानाच भेट दिली की पाहुण्याला ती जेवताना सांभाळत बसावी लागते आणि ती खुर्चीवर राहून जाते. बाहेर पडण्याच्या वाटेवर, पानाच्या टेबलाशेजारी, दोन्ही घरांची प्रत्येकी एक ज्येष्ठ व्यक्ती बसवावी, जी पाहुण्यांना नावाने ओळखते आणि दोन्ही हातांनी भेट देते. व्यवस्थापकांच्या भाडोत्री मुलांकडे हे काम सोपवू नये. ती वाटप चोख करतात, पण आलेल्याला ओळखत नाहीत. बसणाऱ्यांना दर दीड तासाने बदली द्यावी, नाहीतर आत्याबाई स्वतः उपाशी राहतात.

दूरचे आणि न आलेले

पुण्या-मुंबईहून रेल्वेने आलेल्यांना काचेची वस्तू किंवा कुंडीसह तुळशीचे रोप देणे म्हणजे त्यांच्या सामानात अडचण वाढवणे आहे. विमानाने परतणाऱ्यांच्या पाकिटात सुके खोबरे ठेवू नये, कारण त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते आणि चेक-इन सामानात चालत नाही. त्यांना सुपारी, हळकुंड आणि वस्त्र द्यावे.

आजारी किंवा वृद्ध नातलग जे येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी लाडू-चिवडा आठवड्याच्या आत पोहोचावा. कुरिअरने पाठवताना लाडू डब्यात घट्ट बसवून मधल्या जागेत कागद भरावा, नाहीतर चुराच पोहोचतो. सुतकामुळे जे कुटुंब येऊ शकले नाही, त्यांच्याकडे मात्र कोणाच्याही हाती पाकीट पाठवू नये; तेरावा झाल्यावर स्वतः भेटायला जावे, गोड न्यावे की नाही हे आधी त्यांच्याच घरातील एखाद्याला विचारावे, आणि पहिल्या वर्षात ते गोडाचे घेत नसतील तर त्यांच्या नावाचे भांडे किंवा वस्त्र वर्षश्राद्धापर्यंत आपल्याकडे जपून ठेवावे.