अख्खं खानदान पन्हाळ्याला कसं न्यावं (आणि सगळ्यांना परत कसं आणावं)

मे महिन्याची सुट्टी लागते, पुण्या-मुंबईची मंडळी कोल्हापुरात उतरतात आणि एका रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "उद्या जाऊया की पन्हाळ्याला. हितंच तर हाय!" घात करतं ते हे 'हितंच तर हाय'. महाबळेश्वरला जायचं तर आठवडाभर आधी याद्या होतात. पन्हाळा पडला वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे माणसं पायात चप्पल सरकवतात आणि निघतात. मग दुपारी एक वाजता दोन गाड्या, तीन रुसवे आणि एक हरवलेली आत्ती असा हिशेब होतो. सहल गडावर बिघडत नाही, ती घराच्या दारातच बिघडलेली असते. म्हणून खालच्यातल्या निम्म्या सूचना दाराच्या अलीकडच्याच आहेत.

पहिलं काम : 'जाता जाता' बंद करा

आदल्या रात्री एकच ठिकाण ठरवा आणि ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या तोंडून जाहीर करवून घ्या. तुम्ही सांगितलंत तर ती सूचना ठरते, आजोबांनी सांगितलं की निकाल.

नाहीतर काय होतं? मावशी म्हणते, "आधी अंबाबाईचं दर्शन घेऊया, वाटेवरच आहे." ते वाटेवर नाही. भवानी मंडपाच्या आसपास सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते, आणि रांग वेगळी. दर्शन आदल्या दिवशी संध्याकाळी उरका. मग काका म्हणतात, "केर्लीपाशी जोतिबाचा फाटा लागतोच की." हे मात्र खरं आहे. जोतिबा आणि पन्हाळा एका दिवसात होतात, पण त्यासाठी सकाळी सातला गाडी हललेली हवी. नवाला निघणाऱ्या घराने दोन्हींचा नाद करू नये.

जोतिबाला जाणारच असाल तर दोन गोष्टी. रविवार हा देवाचा वार. त्यातून माघातले खेट्यांचे, म्हणजे भाविक पायी डोंगरावर जातात ते रविवार किंवा चैत्र पौर्णिमेची यात्रा असेल तर गाडीतून कौटुंबिक सहल हा विचारच सोडा. आणि पांढरे कपडे घालू नका. मुंबईच्या जावईबापूंनी पांढरा शुभ्र लिननचा शर्ट घातलेला असतो, त्यांना कुणी काही सांगत नाही, कारण सगळ्यांनाच पुढचं बघायचं असतं. 'चांगभलं'चा गजर होतो, गुलाल उधळतो, आणि फोटोत जावईबापू ओळखू येत नाहीत.

दुसरं : कोण कुठे बसणार हे कागदावर लिहा

हसू नका, खरंच लिहा. वाघबीळच्या पुढे वळणं सुरू होतात, तिथे ज्याला गाडी लागते तो मागच्या सीटवर असेल तर सगळ्यांचीच सहल होते. अशा माणसाला पुढे बसवा, लांबच्या रस्त्याकडे बघायला सांगा, मोबाइल काढून घ्या. गोळी द्यायची तर घरातून निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. घाटात पोरगं हिरवं-पिवळं पडल्यावर दिलेली गोळी पोटात टिकतच नाही. बरोबर आलेपाक, जाड पिशव्या आणि त्या पोराचा एक जादा शर्ट हाताशी ठेवा. डिकीत नको. सगळ्या सामानाच्या खाली असलेला शर्ट हा नसल्यासारखाच.

सकाळी निघताना मिसळ खायचा मोह होतो. पाहुण्यांना तर तीच हवी असते. पण तर्रीदार कट पोटात घेऊन वळणं चढणं म्हणजे संकटाला अक्षता देणं. घरून पोहे, उपमा, इडली असं काही हलकं खाऊन निघा. उपाशी पोटीही नको, त्यानेही मळमळतं.

तिसरं : निघायची वेळ खोटी सांगा

सातला निघायचं असेल तर सगळ्यांना सहा सांगा, आणि ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांना साडेपाच. यात पाप नाही. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज भर पावसात, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून वाट काढून याच गडावरून विशाळगडाकडे निघाले. पालख्या, मावळे, सगळी जुळणी अंधारात आणि शत्रूच्या नाकाखाली. आपल्याला लख्ख उजेडात, दारात उभ्या असलेल्या गाडीत बसायला दीड तास लागतो. वहिनी बसली की काकी उतरते, काकी बसली की गॅस बंद केला का ते बघायला आजी उतरते.

उपाय एकच : कुलूप लावायचं काम एकाकडे द्या. गॅस, नळ, देवघरातली समई, मागचं दार हे सगळं त्यानेच बघायचं आणि कुलूप लागल्यावर किल्ली खिशात घालून मोठ्यांदा सांगायचं, "आता कुणीबी उतरायचं न्हाई."

चौथं : पातळ पदार्थ नेऊ नका

पाहुण्यांना घरचा तांबडा-पांढरा गडावर बसून खाऊ घालायचा, ही कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, तो उन्हात गाडीत टिकत नाही. तांबडा टिकतो, पण थांबत नाही. कडीचा स्टीलचा डबा, वर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर रबर, त्यावर आजोबांची मांडी असा चोख बंदोबस्त मी पाहिलाय. पहिल्याच गतिरोधकाला झाकणाच्या कडेने एक लाल तेलाची रेघ उतरली, पिशवीच्या कोपऱ्यात साठली आणि तिथून सावकाश धोतरावर. आजोबांना वाटलं, डबा गरम आहे. उतरल्यावर त्यांचं धोतर बघून नाक्यावरचा माणूस धावत पाण्याची बाटली घेऊन आला.

धपाटे, दशम्या, खर्डा, भडंग, शेंगदाण्याची चटणी एवढं पुरे. गडावर झुणका-भाकर मिळतेच, चुलीवरची, बरोबर दही आणि खर्डा. फक्त वर पोचल्याबरोबर आधी जाऊन किती जण आहोत ते सांगून ठेवा. भाकरी थापायला वेळ लागतो. भूक लागल्यावर एवढ्या मोठ्या कुटुंबाने एकदम जाऊन बसलं, की पहिल्या चार भाकरी कुणाच्या यावरून जुनी भांडणं निघतात. मटणाचा बेत असेल तर वार आधीच बघा. एकाच खानदानात रविवार जोतिबाचा म्हणून पाळणारं एक घर असतं आणि मटणाशिवाय रविवार न मानणारं दुसरं.

पाचवं : वर गेल्यावर

सगळं बघायचं नाही. तीन दरवाजा, त्याच्या जवळची अंधारबाव ही जुनी विहीर, अंबरखाना आणि सज्जा कोठी, एवढ्यात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचं समाधान होतं. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो होतोच. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा नावांची धान्याची कोठारं आहेत. तिथे गारवा असतो, थकलेल्यांना आधी तिथे न्या. अंधारबावीच्या पायऱ्या उतरताना लहानांचा हात मोठ्यांनी धरायचा. आवाज घुमतो हे कळल्यावर पोरं वर यायला तयार होत नाहीत, हे धरून चाला.

पाहुण्यांना एक गोष्ट जरूर सांगा : २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. सांगायची वेळ मात्र जेवणानंतरची निवडा.

पावसाळ्यात सज्जा कोठीतून खालची दरी दिसेल अशी हमी कुणाला देऊ नका. धुकं उतरलं की शेजारचा दाजी दिसत नाही. तरी तिथे उभं राहून "तिकडं जोतिबा, तिकडं मसाई पठार" असं पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवत सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला सांगू द्या. कुणाला पडताळून बघता येत नाही.

माकडांचं मात्र मनावर घ्या. प्लॅस्टिक पिशवीचा चुरचुर आवाज त्यांना बरोबर कळतो. खाणं कापडी पिशवीत, चेन लावून. पर्स उघडी ठेवून सेल्फी काढायचा नाही. काही उचललंच तर ओढाओढ करू नका, दात लागतात. थोडं लांब उभं राहा, खाण्यासारखं नसेल तर ते टाकून देतं. आत्तीची मिश्रीची डबी एका माकडाने अशीच नेली, तटावर बसून झाकण उघडलं, बोट घालून चाखलं आणि आमच्याकडे असं काही बघितलं की जणू फसवणूक आम्ही केली.

सहावं : डोकी मोजा

दोन गाड्या असल्या की हमखास होणारा प्रकार : पहिल्या गाडीला वाटतं आत्ती दुसरीत, दुसरीला वाटतं पहिलीत. केर्लीपाशी चहाला थांबल्यावर दोन्ही गाड्यांची दारं उघडतात आणि शांतता पसरते. आमची आत्ती सापडली तेव्हा झुणका-भाकरवाल्या मावशींच्या चुलीपाशी बसून भाकरी उलटत होती. "मी म्हटलो, जातील कुठं, येतील की," एवढंच बोलली. वर आम्हालाच विचारलं, "जेवलासा न्हवं?"

म्हणून जोड्या लावा. प्रत्येकाने फक्त आपला जोडीदार गाडीत आहे का ते बघायचं. मोजणारा एकच असला की तो स्वतःला मोजायला विसरतो आणि आकडा कधीच जुळत नाही. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं तेही वर पोचताच ठरवा, अंबरखान्याचं दार सोयीचं. मोबाइलवर विसंबू नका, ऐन वेळी आत्तीचा मोबाइल मामाच्या खिशात असतो.

परतीला उजेड असतानाच निघा आणि मिसळ आता खा, उतार संपल्यावर. पेट्रोल आणि जेवणाचा हिशेब त्याच रात्री करा, पाहुणे गावी गेल्यावर पैसे मागणं जड जातं. सीटवरचा गुलाल कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाणी लावलंत तर पुढच्या सुट्टीपर्यंत सीट गुलाबी.