दिनविशेष टाकताय? मग ९ नोव्हेंबर असा लिहा

ग्रुपवर दिनविशेष टाकणारे खूप आहेत पण बहुतेक वेळा ती नुसती जंत्री असते, अमुक साली हा जन्मला, तमुक साली तो वारला, मग कोण वाचणार. त्यापेक्षा एकच देश धरा आणि त्या तारखेच्या घटनांचा एकमेकींशी काही संबंध लागतो का ते बघा. जर्मनीचा ९ नोव्हेंबर यासाठी एकदम बेस्ट.

सुरुवात १९१८ पासून करा. पहिलं महायुद्ध हरल्यात जमा, कैसर (सम्राट) विल्हेल्मने गादी सोडली असं चान्सलरने त्याच्या होकाराची वाट न बघताच जाहीर करून टाकलं, मग सोशल डेमोक्रॅट नेता शायडेमानने राइशस्टागमधून, म्हणजे संसदेतून, प्रजासत्ताक घोषित केलं आणि काही तासांतच कडव्या डाव्या गटाच्या लीबक्नेख्टने राजवाड्यापाशी वेगळं, समाजवादी प्रजासत्ताक. एका दिवसात दोन प्रजासत्ताकं!

आता पुढच्या प्रत्येक घटनेला विचारा, तारीख योगायोगाने जुळली की त्यामागे काही आहे? १९२३ चं हिटलरचं म्युनिकमधलं बंड १९१८ च्या या उलथापालथीवरच्या, म्हणजे क्रांतीवरच्या रागातूनच, आदल्या रात्री बिअर हॉलमध्ये सुरू झालं आणि ९ ला पोलिसांच्या गोळीबारात संपलं. सत्तेत आल्यावर नाझी दरवर्षी त्याचा स्मृतिदिन करायचे. १९३८ ला त्यासाठीच पुढारी म्युनिकला जमलेले, तेवढ्यात पॅरिसमध्ये गोळ्या लागलेला जर्मन वकिलातीतला अधिकारी गेल्याची बातमी आली, नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्सने भडकाऊ भाषण केलं आणि त्या रात्री देशभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली, ज्यूंची दुकानं फोडली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं. हा धागा लिहाच, तो नसेल तर पोस्टमध्ये राहतं काय?

१९८९, म्हणजे बर्लिनची भिंत खुली झाली तो दिवस, मात्र योगायोग, आणि तोही भन्नाट. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा नेता शाबोव्स्की पत्रकार परिषदेत देशाबाहेर प्रवासाचे नवे नियम वाचत होता, ते लागू व्हायचे होते दुसऱ्या दिवशी पण त्याला नीट ब्रीफिंगच नव्हतं, कधीपासून असं विचारल्यावर कागद चाळत म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. टीव्हीवर ऐकून लोक थेट भिंतीतल्या सीमा नाक्यांवर, त्यातल्या बोर्नहोल्मर स्ट्रासेच्या नाक्यावर गर्दी आवरेना तेव्हा रात्री साडेअकराच्या सुमारास तिथल्या अधिकाऱ्याने गेट उघडून दिलं. म्हणून 'भिंत पाडली' लिहू नका, त्या रात्री नाके उघडले, खरं पाडकाम नंतर.

रशियाचं काही जोडणार असाल तर कॅलेंडर तपासा, तेव्हा त्यांचं कॅलेंडर जुनं होतं, म्हणून त्यांची १९१७ ची ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबरला येते.

आणि भिंतीच्या फोटोखाली फटाक्यांचे इमोजी नकोत, वरच १९३८ आहे. जर्मनीने आपला राष्ट्रीय दिवस ३ ऑक्टोबरला ठेवला त्यामागे हेही एक कारण आहे.