खुळखुळा लावताय? मग या चुका टाळा

घागरी म्हणा नाहीतर खुळखुळा, माळावर, रस्त्याच्या कडेला आपोआप येणारं हे पिवळ्या फुलांचं झाड घरी लावलं की रुसून बसतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच, आपण त्याचे गुलाबासारखे लाड करतो.

बी उगवतच नाही ही पहिली तक्रार. अहो, त्याचं कवच टणक असतं, पाणी आत शिरतच नाही. सँडपेपरवर हलकंसं घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, सकाळी जे फुगलंय ते पेरा, बाकीचं परत घासा. आणि पेरायचं ते जागेवरच, रोप उपटून दुसरीकडे लावलं की मान टाकतं.

पानं भरपूर पण फुलंच नाहीत? मग एकतर ऊन कमी पडतंय नाहीतर खत जास्त झालंय. शेंगवर्गातलं झाड आहे हे, मुळांच्या गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मिळवून देतात, वर युरिया कशाला? गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात आणि पावसात आडवं पडत नाही.

शेंगांवर अळ्या दिसल्या की लोक लगेच फवारा काढतात. प्लीज नको, कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, थोड्या शेंगा गेल्या तर जाऊ देत. त्याच झाडावर येणारा मोठा काळा भुंगा एकदा जवळून बघा, तो फुलावर बसला की वजनाने खालच्या मिटलेल्या पाकळ्या दबतात आणि टोकातून पराग बाहेर येऊन त्याच्या पोटाला लागतो. हा भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो, तेव्हा एखादा जुना वासा कोपऱ्यात असू दे.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेंगा वाजायला लागल्या, झाड वाळलं की उपटून कचऱ्यात. अरे थांबा ना! ब्लू टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर खास वाळक्या, मोडलेल्या पानाखोडांवर येतात, मधासाठी नाही तर त्यातली अल्कलॉइड्स नावाची रसायनं चोखायला, त्यापासूनच ते मादीला ओढणारा गंध तयार करतात. फुलं संपल्यावरही गर्दी होते ती यामुळे, म्हणून निदान दोन-चार झाडं उभी ठेवाच.

फक्त एक लक्षात ठेवा, हीच अल्कलॉइड्स विषारी असतात, तेव्हा लहान मुलांनी बी तोंडात घालू नये एवढं बघा आणि उपटलेलं झाड गुराशेळ्यांपुढे अजिबात टाकू नका.