तैवानचा रुबी चहा: आधी पारखा, मग प्या

तैवानच्या काळ्या चहाचं पाकीट कुणी भेट दिलं की आपल्याकडे त्याचं दोनपैकी एक होतं. एकतर तो आलं-साखर-दूध घालून खळाखळा उकळला जातो आणि ‘आपल्यापेक्षा पाणचटच’ असा निकाल लागतो. नाहीतर नुसत्या गरम पाण्यात बुडवून, फुळकवणी म्हणून तो बेसिनमध्ये ओतला जातो. दोन्ही वेळा त्याची चव कळायची राहूनच जाते. माझं ऐकाल तर या चहाचा पहिला कप पिण्यासाठी करूच नका. तो पारखण्यासाठी करा, मुद्दाम कडक. पानात काय चांगलं आहे आणि काय वाईट, ते त्यात लपत नाही. पिण्याचा कप त्यानंतर.

पाकीट वाचा

तैवानच्या मध्यभागी नानतोऊ जिल्ह्यात ‘सन मून लेक’ हे मोठं सरोवर आहे. त्याच्या शेजारच्या युची भागात जपानी राजवटीत, १९२५ च्या सुमाराला, आसामचं बी नेऊन लावलं गेलं. १९३६ मध्ये तिथेच काळ्या चहाचं संशोधन केंद्र निघालं. आपल्या रोजच्या आसामी चहाशी या चहाचं नातं आहे ते असं.

पाकिटावर बहुधा वाणाचा क्रमांक असतो. ८ असेल तर तो आसामच्या जैपुरी वाणातून निवडलेला, भरदार चवीचा चहा. २१ असेल तर २००८ मध्ये आलेलं, फुलांच्या वासाकडे झुकणारं वाण. आणि १८ म्हणजे आपला रुबी, ज्याला ‘रेड जेड’ही म्हणतात. ब्रह्मदेशातलं मोठ्या पानांचं झाड आणि तैवानच्या डोंगरातलं रानटी चहाचं झाड यांच्या संकरातून, कित्येक दशकांच्या निवडीनंतर हे वाण तयार झालं आणि १९९९ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला नानतोऊला मोठा भूकंप झाला. तो भाग पुन्हा उभा करताना तिथला मोडकळीला आलेला काळ्या चहाचा धंदा सावरला, त्यात या नव्या वाणाचा मोठा हात होता.

रुबीची ओळख म्हणजे पुदिना आणि दालचिनीचा वास. यात वरून काहीही घातलेलं नसतं. हा वास पानाचाच. त्यातल्या थंडाव्याला कारण मिथाइल सॅलिसिलेट. सांधेदुखीच्या मलमांना जो वास येतो, तो याच द्रव्याचा. त्यामुळे पहिल्या घोटाला कुणी ‘बाम घातलाय का?’ असं विचारलं तर त्याचं नाक चांगलं आहे असं समजा.

सामान

खास भांडी नसली तरी चालतं. चिनी मातीचा साधारण १५० मिलिलिटरचा कप, झाकायला बशी, दुसरा रिकामा कप, चमचा आणि गाळणं. गाळणं मात्र नवं घ्या. रोजच्या चहाच्या गाळण्यात दुधाचा आणि आल्याचा वास मुरलेला असतो, कितीही घासलं तरी. कापडी फडकं तर नकोच.

वजनकाटा असेल तर उत्तम. रुबीची पानं लांब आणि पिळलेली असतात, त्यामुळे चमच्याच्या मापाला काही अर्थ राहत नाही. काटा नसेल तर ५० ग्रॅमच्या पाकिटातला चहा ताटात पसरून त्याचे सारखे दहा ढीग करा. एक ढीग ५ ग्रॅमचा झाला.

पाण्याकडे जास्त लक्ष द्या. बोअरच्या जड पाण्यात रंग काळपट येतो, वर तवंग धरतो आणि वास दबतो. आरओचं पाणी त्यापेक्षा बरं, पण फार गाळलेल्या पाण्यात चहा सपक लागतो. नळाचं गोडं पाणी गाळून घेतलंत तर सर्वांत चांगलं.

पारखायचा कप

१. दात घासल्या घासल्या हे करू नका. पुदिना चहाचा की टूथपेस्टचा, ते कळणार नाही. लसणीचा चिवडा, पान, तंबाखू हेही आधी नको.

२. कोरडी पानं पांढऱ्या बशीत पसरून पाहा. लांब, अखंड, काळसर पानं हवीत. चुरा आणि काड्या फार असतील तर चहा पाण्यात पटकन उतरेल आणि तितकाच पटकन कडू होईल.

३. कप गरम पाण्याने विसळून घ्या. त्यात ३ ग्रॅम पानं (काटा नसेल तर ५ ग्रॅमच्या ढिगातली निम्म्याहून थोडी जास्त) टाका, बशी झाका आणि थोडं थांबून वास घ्या. कोरड्या, गार पानांपेक्षा कोमट कपातल्या पानांचा वास खूप जास्त कळतो.

४. खळखळ उकळतं १५० मिलिलिटर पाणी ओता. झाकून ५ मिनिटं तसंच ठेवा, ढवळायचं नाही. चहा पारखणारे तज्ज्ञ साधारण हेच माप धरतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रमाणित पद्धतीतही १०० मिलिलिटरला २ ग्रॅम हेच प्रमाण आहे, वेळ मात्र ६ मिनिटं. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे एखादं मिनिट वाढवा.

५. चहा दुसऱ्या कपात पूर्ण गाळा. रंग नितळ, चमकदार लाल हवा.

६. बशी उलटी करून तिच्या ओल्या बाजूचा वास घ्या, मग ओल्या पानांचा. पुदिना बहुतेक इथेच पहिल्यांदा सापडतो. एखादं पान बोटांनी उलगडून पाहा. हे मोठ्या पानांचं वाण आहे, तेव्हा पान चांगलं रुंद उघडायला हवं आणि तांबूस दिसायला हवं.

७. चहा जरा निवू द्या. जीभ भाजली की पुढचं सगळं वाया. मग चमच्याने घेऊन जोरात भुरका मारा. बशीतून चहा पिणाऱ्यांना हे शिकवायची गरज नाही! भुरक्याने चहा जिभेभर पसरतो आणि वास घशाकडून नाकात चढतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. दालचिनी कळते ती बहुधा त्या क्षणी.

हा कप कडक लागणारच. त्यात कडू किती आणि तुरट किती, हे वेगवेगळं करून पाहायचं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते, तो तुरटपणा काळ्या चहात असायलाच हवा. प्रश्न असतो तो किती वेळ टिकतो याचा. चांगल्या रुबीत थोड्या वेळात तो सुटतो आणि मागून गोडसरपणा येतो. हलक्या चहात जीभ खरखरीतच राहते. जळका वास आला तर पानं वाळवताना आच जास्त झाली असेल. कच्च्या गवताचा वास असेल तर ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेने पान काळपट-तांबूस होण्याची क्रिया, अपुरं राहिलं. कोंदट, पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे पाकीट जुनं किंवा हवा लागलेलं.

कप पूर्ण गार होईपर्यंत अधूनमधून एकेक घोट घ्या. गरम असताना वास झाकून टाकतो असे दोष गार चहात समोर येतात. घाई असेल तर बाकीचं काहीही गाळा, हे गाळू नका.

पिण्याचा कप

आता हिशेब सोपा आहे. वास दणकट पण चव कडू असेल तर पानं तेवढीच ठेवून वेळ कमी करा. वासच कमी असेल तर पानं वाढवा आणि वेळ घटवा. जीभ खरखरली असेल तर पाणी ८५-९० अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर उकळी आल्यावर गॅस बंद करून झाकण काढा आणि दोनेक मिनिटं थांबा.

मोठ्या मगात करायचा तर २५० मिलिलिटरला ३ ग्रॅम, ९० ते ९५ अंशांचं पाणी, अडीच ते तीन मिनिटं. ऑफिसमध्ये हेच जमतं.

घरी मात्र छोट्या झाकणाच्या कपात, ज्याला गाइवान म्हणतात, पुन्हा पुन्हा पाणी घालून करावा. १२० मिलिलिटरला ५ ग्रॅम पानं घ्या. पहिलं पाणी २० सेकंद ठेवून पूर्ण गाळायचं, दुसरंही तेवढंच, आणि पुढे दर वेळी १०-१५ सेकंद वाढवत जायचं. पाच-सहा वेळा सहज निघतो. पहिलं पाणी ‘पानं धुण्यासाठी’ फेकून द्यायची पद्धत काहीजण सांगतात. रुबीला ती नको, कारण पुदिन्याचा वास त्यातच भरपूर असतो. माझ्या मते सर्वांत सुरेख असतो तो दुसरा कप, तोवर पान उघडलेलं असतं. दर वेळी शेवटचा थेंबही गाळा. पानं पाण्यात बसून राहिली की पुढचा कप कडू झालाच.

दूध? रुबीत नको, त्याचा सगळा वास दुधाखाली दबतो. दुधाशिवाय भागतच नसेल तर ८ क्रमांकाचा चहा घ्या, कडक उतरवा आणि गरम दूध वरून घाला.

तैवानच्या पूर्वेकडच्या ह्वालिएन भागातून येणारा मधाच्या वासाचा काळा चहाही असाच करावा, पण पाणी ९० अंशांच्या वर नेऊ नका. त्या चहाची कोवळी पानं तुडतुडे चावतात, त्याला झाडाने दिलेल्या प्रतिसादातून तो वास तयार होतो. म्हणून तिथले शेतकरी त्या मळ्यांवर कीटकनाशक मारत नाहीत.

उरलेलं पाकीट हवाबंद डब्यात, मसाल्याच्या फडताळापासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको.

फ्रिजचा उपयोग वेगळा आहे. उन्हाळ्यात ५ ग्रॅम पानं ५०० मिलिलिटर गार पाण्यात घालून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. तुरटपणा जवळजवळ जातो, दालचिनी राहते. गरम केलेला कडक चहा गार होताना गढूळ झाला तर मात्र तो खराब झाला असं समजून ओतू नका. चहातलं कॅफिन आणि रंगद्रव्यं थंडीत एकत्र येऊन तसं दिसतं. थोडं गरम पाणी घातलं की तो पुन्हा नितळ होतो.