जर्मनीतील भाड्याची ई-स्कूटर: चालवावी कशी, सोडावी कुठे

जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या मराठी माणसाला स्कूटर म्हटले की डिकीवाली गाडी आठवते. बर्लिन, कोलोनच्या कोपऱ्यांवर दिसते ती मात्र लहान चाकांची, उभ्याने चालवायची फळी. तिला रस्त्यावर परवानगी मिळाली १५ जून २०१९ पासून. एस-बान या शहरी लोकल रेल्वेच्या स्टेशनापासून घरापर्यंतच्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरसाठी, विशेषतः रात्री बस विरळ झाल्यावर, ती खरोखर कामी येते. रोजच्या प्रवासाला मात्र ती महाग पडते, कारण भाडे सहसा मिनिटावर असते आणि सिग्नलला थांबलेली मिनिटेही त्यात धरली जातात. मासिक पास असणाऱ्याने ट्रामच धरावी.

भाड्याच्या ॲपने स्कूटरवरचा कोड स्कॅन करण्यापूर्वी ब्रेक दाबून आणि हँडल हलवून पाहावे. पायाने एक-दोनदा जमीन रेटून वेग घेतल्यावरच अंगठ्याखालचा वेगाचा खटका दाबावा. वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर आहे. परवाना लागत नाही आणि हेल्मेटची सक्ती नाही, तरी ते घालावे, कारण इतके लहान चाक दगडी फरसबंदीवर उडते आणि ट्रामच्या रुळात सहज अडकते. रूळ शक्यतो काटकोनातच ओलांडावेत. सायकल मार्गिका असेल तर तिच्यातून, नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने जावे; फूटपाथवर चालवणे आणि आपल्या सवयीची डबलसीट, दोन्हींना बंदी आहे. पार्टीहून परतताना ‘ही काही मोटार नव्हे’ अशी समजूत करून घेऊ नये: मद्याची मर्यादा मोटारीइतकीच, म्हणजे रक्तात हजारी ०.५ आहे, आणि २१ वर्षांखालील चालकांसाठी ती शून्य आहे.

खरा उपद्रव स्कूटर थांबल्यावर सुरू होतो. ब्रेमेनमध्ये २०२० साली फूटपाथवर उभ्या केलेल्या स्कूटरना अडखळून एक अंध गृहस्थ पडले, त्यांच्या मांडीचे हाड मोडले, आणि नुकसानभरपाईचा त्यांचा दावा न्यायालयाने फेटाळला. पॅरिसमध्ये एप्रिल २०२३ च्या मतदानात, आठ टक्क्यांहून कमी मतदार आले असले तरी, त्यांतील जवळपास ८९ टक्क्यांनी विरोध केला आणि भाड्याच्या स्कूटर त्या शहरातून गेल्या. म्हणून फेरी संपवताना ॲपमध्ये दाखवलेली जागाच निवडावी. अंधांच्या काठीसाठी बसवलेल्या खाचांच्या फरश्या, रस्ता ओलांडण्यासाठी उतरती केलेली फूटपाथची कड, बसथांबा आणि इमारतीचे दार मोकळे ठेवावे. स्टँड नीट लावून, वाऱ्याने पडणार नाही अशी ती उभी करावी. ॲप मागते तो फोटो आजूबाजूची जागा दिसेल असा काढावा, कारण दंडाची नोटीस आली की तोच आपला पुरावा ठरतो.

वाटेत दुसऱ्या कुणाची स्कूटर आडवी पडलेली दिसली, तर ती उचलून कडेला लावावी. ती जड असते आणि हलवताच पिंपिं करू लागते; त्या आवाजाने दचकू नये.