फोटो माझाच, पण दुकानदाराला पटेना!

लळिंग किल्ल्यावर भाच्याचा फोटो काढला, बारा बाय अठराची प्रिंट काढायला धुळ्यात गेलो. काउंटरवरचा म्हणे, "भाऊ, हाऊ फोटो तुमनाच शे का? स्टुडिओचा दिसतो, त्यांची परवानगीची चिठ्ठी आणा." (मनातून सुखावलो, खोटं कशाला बोलू!)

मोबाइलमधली कॉपी दाखवली, पण ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली. त्यात कॅमेऱ्याची माहिती उडून जाते, साइजही घटते. घरी जाऊन कॅमेराच घेऊन आलो. कार्डातली मूळ फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर उघडून प्रॉपर्टीज दाखवल्या: कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ, शटर स्पीड. शेजारी रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा डेटा) आणि त्याच क्षणाचे डोळे मिटलेले चार फोटो. ते बघून तो हसलाच. दहा मिनिटांत प्रिंट हातात.